खात्रीवाले हवालदार

हवालदारांच्या बोलण्यात 'बहुतेक' हा शब्द नव्हता. 'असेल', 'बघू', 'वाटतं' हेही नव्हते. टरबुजावर एक टिचकी मारून ते आत लाल आहे की फिकं हे सांगत आणि सांगून झालं की तर्जनी स्वतःच्या छातीवर टेकवून म्हणत, "खात्री आहे." कापल्यावर ते फिकं निघालं तर, "मी वाजवलं ते हे नोतंच," म्हणत, तेही तितक्याच खात्रीनं. अकोल्याच्या आमच्या कापडगिरणीत त्यांना शेख उस्मान या नावानं फक्त हजेरीच्या वेळी हाक मारली जाई. एरवी ते सगळ्यांचे 'खात्रीवाले हवालदार'. त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

राहणारे बाळापूरचे. मोठ्या लढाईत पलटणीच्या सिग्नल विभागात होते, तारा ओढत कुठे कुठे फिरून आले होते. उंच, रुंद, मेंदीनं लाल झालेल्या मिशा, आणि खाकी सदऱ्याची इस्त्री अशी की तिच्या घडीवर बोट कापावं. गिरणीत अंतर्गत टेलिफोनची सोय होती. मॅनेजरसाहेबांच्या कचेरीपासून बॉयलर, कातणखातं, दवाखाना, गेट, सगळीकडे एकेक फोन. या सगळ्या फोनांचे, तारांचे आणि खांबांचे हवालदार हे मालक. मालकच म्हणते, कारण स्वतः मॅनेजरसाहेबही त्यांच्या परवानगीशिवाय आपल्या टेबलावरचा फोन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत नसत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी अमरावतीची, मॅट्रिक झालेली, अकोल्याला मामांकडे राहायला आले आणि या गिरणीच्या टेलिफोन बोर्डावर लागले. आमच्या घराण्यात बाईमाणसानं खुर्चीत बसून नोकरी करण्याची ती पहिलीच वेळ. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून वडिलांनी एकच ध्यास घेतला होता, पोरीनं शिकायचं आणि कचेरीत बसायचं. त्यामुळे मी ज्या दिवशी त्या खुर्चीत बसले त्या दिवशी अमरावतीला आमच्या गल्लीत साखर वाटली गेली.

बोर्ड म्हणजे भिंतीला टेकवलेलं एक शिसवी कपाट. समोरच्या बाजूला पितळी झाकणांच्या ओळी, प्रत्येक झाकणाखाली नंबर आणि भोक. कोणी आपल्या खात्यातून फोनचा दांडा फिरवला की त्याच्या नंबरचं झाकण टक्‌कन खाली पडायचं. मग मी दोरी त्या भोकात खोचून विचारायचं, कोण पाहिजे, आणि दुसरी दोरी त्या नंबरात खोचायची. झाकण पडलं तर माणूस आहे. नाही पडलं तर माझ्या लेखी तो माणूस जगात नाही. इतकं ते साधं होतं.

पहिले काही दिवस हवालदार माझ्या मागे स्टूल टाकून बसत. "टेलिफोनमधी हसू दिसत नाई, बेटी, पन आयकू येते. राग बी आयकू येते. म्हनून आवाज सरळ ठेवायचा. दोरी ताणल्यावानी." मी बोलताना शब्द गिळत असे. त्यांनी मला गिरणीतली सगळी खाती मोठ्यानं म्हणायला लावली, शाळेत पाढे म्हणतात तशी. आणि आणखी एक ताकीद दिली, "इतं आयकलं ते इतंच ठेवून घरी जायचं. साहेब कोनाले काय बोलले, डॉक्टर कोनाले काय बोलले, आपल्याले काई म्हाईत नाई." ते स्वतः ही ताकीद अगदी काटेकोर पाळत. बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर ते गिरणीच्या भोंग्याइतक्या मोठ्यानं बोलत, पण तारेवरून कानावर आलेला शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही.

कचेरीत पाण्याचे दोन माठ होते. कोणी कोणत्या माठातून घ्यायचं हे कोणी बोलून दाखवत नसे, पण मी उठले की दोन-चार माना वर होत. हवालदारांच्या हे ध्यानात आलं असावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी बाळापूरहून एक सुरई आणली, बोर्डाच्या खोलीत ठेवली, आणि स्वतः पाणी पिऊन तोच पेला विसळून माझ्यापुढे धरला. "पी. बोर्डावर घसा कोरडा चालत नाई." दारात उभ्या असलेल्या कारकुनाला म्हणाले, "तुमाले पायजे का?" कारकून गेला. त्यानंतर मी त्या माठांकडे गेले नाही. हे मी सांगते आहे ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर मला त्याचं एवढं लागलं नसतं.

गिरणीनं नवी शेड बांधली. पिंजणखातं तिकडे हललं. नवे फोन आले, आणि ते जोडायला बोर्डाला शेजारी एक नवं कपाट आलं. मुंबईहून माणूस बोलवावा का असं मॅनेजरसाहेबांनी विचारलं, तर हवालदारांना तो अपमान वाटला. "वाळवंटात तंबूमधी बोर्ड उभे केले मी, साहेब." त्यांनी एकट्यानं ते कपाट उभं केलं. नव्या कपाटातली झाकणं लांब पट्ट्यांवर बसवलेली होती. पट्टीच्या मागचे पितळी दात कपाटातल्या खाचेत घट्ट रोवले की तारा जोडल्या जात. एकेक पट्टी बसवताना ते मला दाखवत होते. सगळं झाल्यावर कपाटाचं मागचं दार लावलं, पुढच्या बाजूला झेंडूची माळ घातली, मॅनेजरसाहेबांनी हात जोडले, पेढे झाले. हवालदार त्या दिवशी मिशांना नवी मेंदी लावून आले होते.

आठवडाभरात तक्रार आली. नव्या शेडचा मुकादम तणतणत खोलीत शिरला. "काहून वो बाई, फोन काहून उचलत नाई? दांडा फिरवून फिरवून हात दुखला."

मी म्हटलं, "झाकण पडलंच नाही."

हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "नीट आठव. झाकण पडलं आन तू पायलं नाई, का झाकण पडलंच नाई?"

"पडलंच नाही."

"खात्री?"

बोर्डावर एकाच वेळी चार-चार जण बोलत असतात. दोऱ्या इकडून तिकडे चाललेल्या असतात. मी खरं तेच बोलले. "बहुतेक."

"बहुतेकवर बोर्ड चालत नाई, बेटी."

तरी त्यांनी तपासणी केली. कपाटाचं मागचं दार उघडलं, आत डोकं घालून सगळं न्याहाळलं, मला समोर बसवलं, आणि स्वतः नव्या शेडमध्ये जाऊन एकेका फोनचा दांडा फिरवला. पहिलं झाकण पडलं, दुसरं पडलं, सगळ्यात खालच्या पट्टीवरची, ज्यांची तक्रार होती, तीही पडली. ते परत आले. "पडले का?" मी म्हटलं, "सगळे पडले." त्यांनी मागचं दार लावून घेतलं. तर्जनी छातीवर टेकवली.

पुन्हा तक्रार आली. पुन्हा दार उघडलं, पुन्हा तपासलं, पुन्हा सगळी झाकणं पडली, पुन्हा दार लागलं. या वेळी ते माझ्याशी बोलले नाहीत. मुकादमाला म्हणाले, "बोर्ड ठीक हाये. बाई नवी हाये, संबाळून घ्या." त्यांनी ते मायेनं म्हटलं. मला ते अजून ऐकू येतं.

मलाही मग संशय यायला लागला. बोर्डाचा नव्हे, माझा. झाकण पडलं असेल आणि माझी नजर वरच्या ओळीवर असेल. मी डोळे ताणून त्या खालच्या पट्टीकडे बघत बसायची. त्या नादात वरचे फोन चुकायला लागले. मामींनी विचारलं, डोळे का लाल होतात तुझे?

मग ती दुपार आली. नव्या शेडमध्ये पुंडलिक नावाच्या कामगाराचा हात पिंजणयंत्रात सापडला. बरोबरच्या माणसानं धावत जाऊन फोनचा दांडा फिरवला. दवाखान्याला कळवायचं होतं. तो फिरवत राहिला, फिरवत राहिला. माझ्यासमोर एकही झाकण हललं नाही. शेवटी फोन तसाच लोंबता टाकून तो पळत दवाखान्यात गेला. नव्या शेडपासून दवाखाना म्हणजे गिरणीचं एक टोक ते दुसरं टोक. डॉक्टर येईपर्यंत पुंडलिकचं रक्त बरंच गेलं होतं. जीव वाचला. उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी मला मॅनेजरसाहेबांच्या खोलीत बोलावलं. साहेब, डॉक्टर, मुकादम, फोन फिरवणारा कामगार आणि हवालदार. मला बसायला सांगितलं नाही. कामगारानं सांगितलं ते मी ऐकलं. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर अजून डाग होते. साहेबांनी विचारलं, "हवालदार, बोर्डात दोष आहे का?"

"नाई, साहेब. दोनदा तपासला. दोन्ही वेळा झाकनं पडली. बाईंनी स्वतः पायलं."

"बाई, पडली होती?"

"हो, पण—"

"मग काल का नाही पडलं?"

मी म्हटलं, "मी पाहूनच राहिली होती, साहेब. पडलं नाही." घाबरले की माझं अमरावतीचं बोलणं बाहेर पडतं.

हवालदार जमिनीकडे बघत म्हणाले, "बाईले मी इचारलं होतं. त्या बहुतेक म्हनल्या होत्या. मी खात्रीनं सांगतो, साहेब, बोर्डात दोष नाई."

मला बोर्डावरून काढलं. त्या दिवशी घरी जाताना गेटपाशी पाळी सुटलेली होती. बायका थांबून बघत होत्या. एकीनं दुसरीला विचारलं, "हेच का ते?" 'ही' नाही, 'हे'. मामांच्या घरी मी आतल्या खोलीत बसून राहिले. मामा रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. त्यांनाही तिथे लोकांनी विचारलं होतं, पण ते मला काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत याची मला जास्त लाज वाटली. वडिलांना कळवू नका, एवढंच मी त्यांना म्हटलं. जेवायला बसले की पुंडलिकचा हात आठवायचा आणि घास हातात घेणंच नकोसं व्हायचं. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात सारखं येई, झाकण पडलं असेल. मलाच दिसलं नसेल. हवालदार खोटं कशाला बोलतील?

पुढचं मला हवालदारांनीच सांगितलं. माझ्या जागी बसवायला लगेच कोणी मिळेना, म्हणून ते स्वतः बोर्डावर बसले. तशीच पाठ ताठ ठेवून, नजर झाकणांवर. आणि नव्या शेडचा तोच मुकादम पुन्हा दारात येऊन उभा राहिला. "हवालदार, झोपले का तुमी? मघापासून फोन करून राहिलो मी."

हवालदारांनी आयुष्यात बोर्डावर डोळा मिटला नव्हता.  ते मुकादमाला म्हणाले, "परत जा. आन फोन फिरव. मी इतून हलत नाई." मुकादम गेला. बोर्ड गप्प होता. थोड्या वेळानं तो पुन्हा आला आणि म्हणाला, "फिरवला." हवालदार उठले, कपाटाच्या मागे गेले, दार उघडलं. "आता जाऊन फिरव." झाकण टक्‌कन पडलं.

दार उघडं, तर पडतं. दार बंद, तर पडत नाही. आणि त्यांनी प्रत्येक तपासणी दार उघडून केली होती.

त्यांनी खालची पट्टी काढून तिथे वरची बसवली. दार लावल्यावर तीही मुकी झाली. म्हणजे दोष पट्टीत नव्हता, तिच्या जागेत होता. मग त्यांनी दिवा धरून खाचेत पाहिलं. खाचेच्या तळाशी कारखान्यातल्या बांधणीचा मेणकागद तसाच होता. बसवताना तो काढायचा राहून गेला होता. त्यामुळे पट्टीचे दात पूर्ण रुतलेच नव्हते, नुसते टेकले होते. मागचं दार बंद झालं की ते तारांच्या जुडग्यावर दाबायचं, जुडगं पट्टीला किंचित ढकलायचं, आणि त्या पट्टीवरचे सगळे फोन बोर्डाच्या लेखी नाहीसे व्हायचे. मेणकागद त्यांच्या हातून राहिला होता. दुसऱ्या कोणाचा हात त्या कपाटाला लागलेलाच नव्हता.

त्या वेळी खोलीत ते एकटेच होते. कागद काढून पट्टी नीट रोवली असती तर या जगात कोणालाही काही कळलं नसतं.

ते आमच्या गल्लीत आले तेव्हा दुपार टळत होती. सायकल मामांच्या दाराशी टेकवली, पण उंबरठ्याच्या आत आले नाहीत. मामी म्हणाल्या, "या ना, बसा." ते बाहेरच उभे राहिले आणि त्यांच्या त्या भोंग्यासारख्या आवाजात बोलायला लागले. "कुसुमबाई, तुमचा कसूर नोता. माझा होता." पहिल्यांदाच त्यांनी मला अहोजाहो केलं. शेजारची दारं उघडली, बायका बाहेर आल्या, आडावरची माणसं घागरी ठेवून आली. मी दारात उभी. मला वाटलं, हळू बोला, आत या, मला घरात सांगा. पण ते सगळं सांगत गेले, दार, पट्टी, खाच, कागद. एवढा मोठा, मिशाळ माणूस आणि मान खाली. माझ्यावरचा डाग जात होता आणि मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. कोणाला भर रस्त्यात उघडं पाहिल्यासारखी मी नजर वळवली.

मामांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मी रडले.

मॅनेजरसाहेबांना हे ऐकायचं नव्हतं. "झालं ते झालं. बाईंना आपण परत घेऊ, बाईंना काही म्हणणार नाही. पण हे बाहेर गेलं तर गिरणीची शोभा होईल, हवालदार. कागद काढलात ना? बस." हवालदार म्हणाले, "बाईचं नाव बाहेर गेलं तवा कोनाची शोभा झाली, साहेब?" दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला ते गेटपाशी उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायला लागले. काही ऐकून पुढे गेले. काही हसले, "हवालदार, खात्री आहे ना?" काहींनी शिव्या दिल्या. पुंडलिकच्या आळीतला एकजण अंगावर धावून आला, त्याला इतरांनी धरलं. हवालदार जागचे हलले नाहीत.

पुंडलिकच्या घरी जाताना त्यांनी मला बरोबर बोलावलं. "एकट्याचे पाय उचलत नाईत." बोर्ड शिकवणारा माणूस मला असं म्हणाला. मी गेले. पुंडलिक बाजेवर बसला होता, मनगटाशी पांढरी पट्टी. त्याची बायको सुपात ज्वारी पाखडत होती. हवालदारांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. सूप थांबलं.

ती म्हणाली, "तुमी सांगून मोकळे झाले. आता आमी काय करावं, ते बी सांगा."

 पुंडलिक माझ्याकडे बघत होता. मला कळेना, तो मला ओळखतो की नाही. मग त्यानं विचारलं, "फोन लागला असता, तर माहा हात राह्यला असता का?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं काही सांगता येत नाही. पण हवालदारांनी डॉक्टरांचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "म्हाईत नाई मले."

आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. आम्ही तसेच निघालो. वाटेत त्यांनी सायकल हातात धरून ठेवली होती, चढले नाहीत. मी म्हटलं, "चूक कोणाची होत नाही?" ते म्हणाले, "चुकीचं म्हनत नाई मी, बेटी. चूक कागदाची. माझ्या बोलण्यामुळं तू खाली पाहून चालली, त्याचं बोल." ते खरं होतं. मी अजूनही खाली पाहूनच चालत होते.

मी परत बोर्डावर बसले. लोक माझ्याशी जरा जास्तच चांगलं वागायला लागले, आणि तेही मला अवघड जाई. हवालदार मात्र रोज सकाळी मॅनेजरसाहेबांच्या दाराशी जाऊन उभे राहत. पुंडलिकला गेटवर बसून करायचं काम द्या, एवढी एकच मागणी. साहेब कंटाळले, चिडले, आणि शेवटी दिलं. पुंडलिक गेटवर बसायला लागला. हवालदार येताना-जाताना सायकलवरून उतरून त्याला सलाम करत. पुंडलिक दुसरीकडे बघे. रोज ते उतरत, रोज तो दुसरीकडे बघे. मी हे पाहिलं आहे. काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. कोणी सोड म्हटलं नव्हतं. जाण्याआधी त्यांनी पूर्ण बोर्ड पुन्हा तपासला, दारं लावून, आणि या वेळी मला शेडमध्ये पाठवलं आणि स्वतः समोर बसले.

पुढे माझं लग्न झालं, अमरावतीला आले, मुलगी झाली. त्यांची माझी शेवटची भेट अमरावतीच्या एसटी स्टँडवर झाली. त्यांची लेक परतवाड्याला दिली होती, तिकडे ते निघाले होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, मेंदी लावायचं सोडलं होतं. मीच ओळखलं. हे माझे यजमान, शाळामास्तर आहेत, असं हवालदारांना सांगितलं आणि नवऱ्याला मोठ्या कौतुकानं म्हटलं, "हे हवालदारसाहेब. मला बोर्ड यांनी शिकवला."

नवऱ्यानं हात पुढे केला. हवालदारांनी तो घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "यायले सांगितलं का?"

नवऱ्याला मी इतकंच सांगितलं होतं, की गिरणीत एकदा माझ्यावर आळ आला होता आणि तो दूर झाला. कोणी घेतला होता ते सांगितलं नव्हतं.

"राहू द्या ना आता," मी म्हटलं.

"नाई. आंधी सांग. मंग वळख दे."

भोवती माणसं, गाठोडी, शेंगदाणेवाले. माझ्या कडेवर मुलगी. मी हळू आवाजात सांगितलं. ते पलटणीत उभं राहावं तसे हात मागे बांधून ऐकत होते. त्यांना फार लागू नये म्हणून मी शेवटी म्हटलं, "दोषच असा होता की कोणाच्याही लक्षात आला नसता."

"थांब," ते म्हणाले. "ते तसं नाई." मग माझ्या नवऱ्याकडे वळले. "मास्तर, बाईले आफिसात बोलवायच्या आंधी साहेबांनं मले एकट्याले इचारलं होतं. हवालदार, आणखी एकडाव पाहून घेता का? मंग बाईले बोलावू. मी म्हनलो, गरज नाई."

हे मला माहीत नव्हतं. मला ते माहीत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "हे मी कोनाले सांगितलं नाई," ते म्हणाले. "गेटवर समदं सांगितलं, पुंडलिकच्या दारात सांगितलं. हे तेवढं तोंडातून निघालंच नाई."

इतक्या वर्षांनी मला राग आला. खरा राग, तेव्हा जो यायला हवा होता आणि आला नव्हता. मॅनेजरसाहेबांच्या खोलीत मी उभी होते ते सगळं एका क्षणात पुन्हा अंगावर आलं, आणि मी मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.  नवऱ्याचा हात अजून अर्धवट पुढे होता. त्यानं तो खाली घेतला आणि कँटीनकडे बघत म्हणाला, "चहा घेता?"

हवालदारांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मला विचारलं, "घेऊ का?"

मी कँटीनकडे निघाले. थोडं पुढे जाऊन मागे पाहिलं. ते जागचे हलले नव्हते, पिशवी पायाशी तशीच.

"या ना," मी म्हटलं.

परतवाड्याची बस लागली होती, कंडक्टर घंटी देत होता. हवालदार त्या बसनं गेले नाहीत. त्यानंतरच्या बसनं गेले.